जेवणात काही बदल?

माझ्या हृदयाने पहिल्यांदा ताल सोडला तो येलहंक्याच्या सबस्टेशनमध्ये, दुपारचा डबा खाऊन हात धुताना. छातीत कोणी पोतंभर बटाटे ओतावेत तशी गडगड सुरू झाली आणि थांबेचना. मी वीज मंडळातला इंजिनियर, पन्नाशी ओलांडलेला, आजारपणाची रजा मागणाऱ्यांना टोमणे मारणारा. पित्त असेल म्हणून गार पाणी प्यालो आणि पुन्हा कामाला लागलो. संध्याकाळी दोन बस बदलून जयनगरला घरी पोचलो तरी गडगड चालूच होती. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, "अय्यो, तोंड असं का पडलंय? स्वल्प बसा अगोदर." मी बसलो, आणि त्यानंतर धडपणे उठलो असं काही म्हणता येणार नाही.

हे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. डॉक्टर माझ्यापेक्षा बराच लहान होता, आमच्याशी कानडीत बोलायचा आणि आवाज कधी चढवायचा नाही. आजाराचं नाव त्याने सांगितलं: एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते थरथरत राहतात. तिथून खाली जाणारा संदेश कसाही जातो, कधीही जातो, आणि खालचे कप्पे बिचारे वाट फुटेल तसे धावतात. धोके दोन. धावून धावून हृदय दमतं हा एक, आणि वर थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते हा दुसरा. पहिल्यासाठी वेग आवरणारी गोळी, दुसऱ्यासाठी रक्त पातळ करणारी. मी विजेचा माणूस, मला ते चटकन कळलं. कळलं म्हणून बरं मात्र वाटलं नाही.

एकदा भूल देऊन विजेचा झटकाही देऊन पाहिला. जन्मभर लोकांना ज्याच्यापासून लांब राहा म्हणून ओरडत आलो, तेच शेवटी माझ्या छातीवर ठेवलं याचं मला हसू आलं. आठवडाभर ताल लागला, मग पुन्हा तेच. गोळ्या वाढल्या, बदलल्या. एकीने डोकं गरगरायचं, दुसरीने अन्नाची चव गेली.

या आजाराची पंचाईत अशी की तो दुखत नाही. दुखलं असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं. जिना चढताना मध्येच थांबून कोपऱ्यातली जळमटं बघितल्यासारखं करायचं, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायचं, डाव्या कुशीवर झोपलं की उशीत धावपळ ऐकायची. कोणी भेटायला आलं की अर्जुनाच्या सालीचा काढा नाहीतर लसणीच्या पाकळ्या सुचवून जायचं. सगळ्यांचे कोणी ना कोणी मेहुणे त्याने बरे झालेले असत. मला त्या मेहुण्यांचा मनापासून राग यायचा. डॉक्टरने काढे बंद ठेवायला सांगितले होते आणि आणखी एक गोष्ट बजावली होती. या रक्ताच्या गोळीवर जेवणाचा परिणाम होतो, तेव्हा नेहमीचं जेवण जेवा, त्यात फेरफार नको. बायकोने मान डोलावली. तिच्या स्वयंपाकात फेरफार करायची माझी कधी छाती झाली नव्हती, त्यामुळे मीही डोलावली.

उन्हाळ्याच्या अखेरीस डॉक्टरने अब्लेशनचा विषय काढला. वरच्या कप्प्यांतून खाली संदेश नेणारी हृदयात एकच वाट असते. मांडीच्या शिरेतून तार सरकवत तिथवर न्यायची आणि तारेच्या टोकाची उष्णता देऊन ती वाट जाळून टाकायची. मग वर कितीही थरथर होवो, खाली काही पोचत नाही. खालच्या कप्प्यांना ठोका द्यायला खांद्याखाली कातडीत पेसमेकर बसवायचा. थरथर जिथे सुरू होते तिथेच जाळायचे प्रयोग परदेशात चालले आहेत, पण ते आपल्याकडे यायला अवकाश आहे, असंही तो म्हणाला.

"जाळलेली वाट पुन्हा जोडता येते?" मी विचारलं.

"नाही."

"आणि बॅटरी बसली तर?"

"बसायच्या आधी कळतं. काही वर्षांनी बदलायची असते."

"आणि नाही कळलं तर?"

तो हसला. "सर, सबस्टेशनवर तुम्ही असेच घाबरत काम करता?"

"हो. म्हणून तर अजून आहे."

गंमत सोडा, मी खरोखर घाबरलो होतो. मुख्य लाईन कायमची तोडायची आणि पर्यायी पुरवठ्यावर सगळा भार टाकायचा, असा कागद कोणी माझ्यापुढे आणला असता तर मी तो आणणाऱ्याच्या अंगावर फेकला असता. डॉक्टर म्हणाला, घाई नाही, गोळ्यांवर आणखी काही महिने बघू, तुम्ही दोघं विचार करा.  रिक्षा घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "या चातुर्मासात देवाला तेवढंच मागते. तुमच्यावर ते काम यायला नको." जाळणं हा शब्द नवऱ्याच्या शरीराबद्दल तिच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. शेवटपर्यंत ते तिच्यासाठी 'ते काम' होतं.

आमची घराणी या कानडी मुलखात तीनशे वर्षांची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि दोन्हींची इतकी सरमिसळ की पुण्याचे पाहुणे आले की आमच्या बोलण्यावर हसतात. आम्ही मठाचे शिष्य, त्यामुळे चातुर्मास आमच्याकडे जेवणात पाळला जातो. पहिला महिना शाकव्रताचा. त्यात भाजी नाही, पाला नाही, आंब्याखेरीज फळ नाही, मिरची, चिंच, कोथिंबीर काही नाही. तिखटाला मिरी, आंबटाला आमचूर, मुगाची डाळ, खोबरं, भात. दुसऱ्या महिन्यात दही बंद, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी. माझ्या आईच्या घरी हे होतं, बायकोच्या आईच्या घरी होतं, आणि लग्नानंतर एकाही वर्षी आमच्याकडे चुकलं नाही. व्रत दरवर्षीचंच होतं, त्या वर्षी मागणं तेवढं नवीन होतं.

व्रत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमची औषधं चालू आहेत. यंदा तुमच्यापुरती भाजी निराळी करू का?"

"डॉक्टर काय म्हणाला? नेहमीसारखं जेवा म्हणाला ना? मग आपण आषाढात नेहमी काय करतो?"

"व्रत."

"मग झालं तर."

"सरी, बरं," ती म्हणाली आणि आत गेली. घरातल्या मोठ्या गोष्टींवर आमची चर्चा साधारण एवढीच होत असे.

तिसऱ्या आठवड्यात दात घासताना तोंड रक्ताने भरलं. कुठे आपटल्याशिवाय दंडावर निळे डाग उठले. रक्त तपासलं तर नको इतकं पातळ झालेलं. डॉक्टरने डोळे बघितले, डाग दाबून बघितले. "दुसरं काही औषध घेतलंत? काढा वगैरे?" नाही. "जेवणात काही बदल?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, नाही, नेहमीचंच. त्यात खोटं काय होतं? त्याने गोळी कमी केली आणि महिन्याने यायला सांगितलं.

आठ-दहा दिवसांत शाकव्रत संपलं. महिनाभर कोरडं खाल्ल्यावर आमच्या घरांत भाजीवर कशा उड्या पडतात ते बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही. पालेभाजीला आम्ही सगळेच सोप्पु म्हणतो. दारावर सोप्पु विकायला येणाऱ्या बाईची टोपली त्या दिवसांत आमच्याच ओट्यावर अर्धी रिकामी व्हायची. मेथी, पालक, शेपू, राजगिरा, रोज दोन तऱ्हा. त्यात माझं रक्त गेलेलं. बायको म्हणायची, पाल्याने भरून येईल, आणखी वाढू का? मीही हावरटासारखा खात होतो. बऱ्याच महिन्यांनी तोंडाला चव आली होती.

गौरीचा सण तीन-चार दिवसांवर आला होता. सकाळी मी स्वयंपाकघरात बसून कॉफी पेल्यातून वाटीत ओतत होतो आणि पेला हातातून गळून पडला. मी सोडला नव्हता, तोच गेला. मला म्हणायचं होतं, फडकं आण. तोंडातून जे निघालं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. बायको हसली. मी तिची सतत थट्टा करायचो, तिला वाटलं हीही त्यातलीच. मग तिने माझ्या ओठांकडे बघितलं. तिचं ते हसू कसं उतरलं ते मी पाहिलं आहे, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

आठ दिवसांत बोलणं बरंचसं परत आलं. उजवा हात आला नाही. डॉक्टर म्हणाला, गुठळी मेंदूत गेली, रक्त पुन्हा दाट झालं होतं. गोळी चुकली होती का? एकही नाही. तो खाटेशेजारी स्टूल ओढून बसला आणि त्याने परत तेच विचारलं, "जेवणात काही बदल?"

"नाही," बायको म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तशी, "आषाढात भाजी नसते, तेवढंच. पण ते दरवर्षीचं."

"भाजी नसते म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. मिरी, आमचूर, मुगाची डाळ. मग नंतरचा सोप्पु.  डॉक्टरने हळू आवाजात समजावलं. रक्त गोठायला मदत करणारं एक सत्त्व पालेभाजीत असतं, आणि ही गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते. महिनाभर पाला बंद झाला तेव्हा तीच गोळी जास्त झाली, म्हणून रक्त आलं. मग गोळी कमी केली आणि पाला दुप्पट आला, तेव्हा गोळी अपुरी पडली. "हे मला कळायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत बदल झाला का," बायको म्हणाली. "बदल कुठे झाला होता?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरोखर ते समजून घ्यायचं होतं.  मी इथलाच आहे, मलाही सुचायला हवं होतं, असं काहीतरी पुटपुटून डॉक्टर उठून गेला.

व्रत त्या दिवशी संपलं. उरलेले महिने तिने पाळले नाहीत. पूर्वी ती संध्याकाळी देवापुढे दिवा लावून उभी राहायची आणि मोठ्याने बोलायची. मंत्र-स्तोत्र काही नाही, सरळ बोलायची. गॅस संपत आलाय, यांच्या बहिणीचं पत्र नाही, पाऊस नको तेवढा झाला. वाण्याशी घासाघीस करावी तसा सूर असायचा. मी बाहेरून म्हणायचो, त्याला जरा श्वास तरी घेऊ दे. आता ती दिवा लावून लगेच बाहेर येऊ लागली. पालेभाजी एका ठरावीक वाटीने मोजून माझ्या पानात यायची, रोज तेवढीच, सणाला तेवढीच. आणि कुठलीही गोष्ट विचारली की एकच उत्तर: "तुम्ही सांगाल तसं." माझ्या शर्टाच्या कापडापासून घराच्या रंगापर्यंत सगळं ठरवणारी बाई ही. व्रत पाळायचं मी म्हटलं होतं, हे मी तिला दहादा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वाटी धुवायला गेली.

थंडीत माझा दम वाढला. पाय सुजले, दोन उशा लागायला लागल्या, मग तीन. हृदय फुगलंय, दमलंय, डॉक्टर म्हणाला. वेग आवरायला गोळ्या आता पुऱ्या पडत नाहीत. अब्लेशन करायचं तर आता, आणखी थांबलो तर ते सोसण्याइतकी ताकद उरणार नाही. मी एकच गोष्ट विचारली. कित्येक दिवस तीच मनात धरून बसलो होतो. वाट जाळल्यावर रक्ताची गोळी बंद होईल ना? गोळी गेली की ती वाटी जाईल, आणि वाटी गेली की माझी बायको पहिल्यासारखी होईल, असा माझा हिशेब होता.

"नाही, सर. वरची थरथर तशीच राहते. ती गोळी जन्मभर."

मला फसवल्यासारखं वाटलं, आणि मी तसं म्हणूनही टाकलं. म्हणजे शरीरातली एक वाट कायमची जाळायची, छातीत डबी घालायची, आणि घरात जे मोडलं ते मोडलेलंच राहणार. नुसता जीव वाचणार. त्या दिवसांत मला तो फायदा फार मोठा वाटत नव्हता, हे खरं सांगतो.

पंधरा दिवस मी निर्णय लांबवला. एकट्याने घ्यायचा नव्हता म्हणून लांबवला. रोज तिला विचारायचो, रोज तेच उत्तर. एकदा मी जीभ वळेल तसा ओरडलो, "हे हृदय माझ्या एकट्याचं आहे का?" ती म्हणाली, "माझ्या बोलण्याने तुम्हाला काय मिळालं ते दिसतंय ना?" मी परत उशांना टेकलो. आणखी ओरडायला दमही नव्हता.

माझे थोरले भाऊ चिकपेटेत राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. ते एका सकाळी रिक्षाने आले, सोबत मठाचा प्रसाद. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला, पण बोलणं ठरवून आले होते. "अरे, उगादीपर्यंत, नव्या वर्षापर्यंत थांब. स्वामींना विचारू. देवाने दिलेलं जाळायचं म्हणजे काय? उगादी झाली की हिला एखादं व्रत सांगतील, होईल सगळं ठीक."

बायको त्यांच्यापुढे कॉफी ठेवत होती. पेला खाली ठेवून ती तिथेच उभी राहिली. अण्णांपुढे ती कधी दोन वाक्यांवर बोललेली मला आठवत नाही.

"अण्णा, मागच्या आषाढात मी देवाला एवढंच मागितलं होतं की यांच्यावर जाळायची पाळी आणू नको. महिनाभर पाल्याचं पान शिवले नाही. यांचा हात गेला. आता उगादी नको, स्वामी नकोत, कोणाला विचारायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "जाळू दे त्यांना. मी सांगते, जाळू दे."

अण्णांनी कॉफी घेतली नाही. मी म्हटलं, "बरं." मला रडू आलं, आणि ते कशाचं होतं ते तेव्हा कळलं नाही. तिने निर्णय घेतला याचं बरंही वाटलं होतं आणि तो शब्द तिला उच्चारावा लागला याचं फार वाईटही वाटलं होतं.

दवाखान्यात जायच्या सकाळी रिक्षा दाराशी येऊन थांबली. बायको पिशवी आणि कुलूप हातात घेऊन उंबऱ्यात उभी. आमच्याकडे कोणी परगावी जरी निघालं तरी आधी देवघरात जाऊन सांगायची पद्धत. मी वाट बघत राहिलो. ती हलली नाही.

"देवाला सांगून ये," मी म्हटलं.

"नको. मी आता काही सांगायला नको."

"अगं, असं काय करतेस?"

"तुम्हाला हवं तर तुम्ही जा. लवकर या, रिक्षावाला थांबणार नाही."

देवघर हा माझा प्रांत कधीच नव्हता. मी गेलो, डाव्या हाताने भिंतीचा आधार घेऊन उभा राहिलो. काय बोलतात ते आठवेना. शेवटी म्हटलं, माझं डॉक्टर बघेल. माझ्यासाठी मी काही मागत नाही. हिला तेवढं पूर्वीसारखं तुझ्याशी बोलायला लाव. मग बाहेरून हॉर्न वाजला.

आधी खांद्याखाली पेसमेकर बसवला, मग जाळायला घेतलं. जाळताना माणूस जागा असतो. छातीत खोलवर चटका बसला, पुन्हा बसला, आणि गडगड थांबली. इतक्या दिवसांत आत प्रथमच शांत झालं. मग डॉक्टर म्हणाला, आता पेसमेकर क्षणभर कमी करून तुमचा स्वतःचा ठोका येतो का बघतो. छताचे दिवे लांब जायला लागले, आवाज विरळ झाले. मला वाटलं, हेच ते. मग सगळं जागेवर आलं. "खालून काही येत नाही," डॉक्टर शेजारच्याला समाधानाने म्हणाला. लाईन बंद केल्यावर माझी माणसं मला अशाच समाधानाने कळवायची.

दोन महिन्यांत सूज उतरली. एका उशीवर झोपू लागलो, जिना न थांबता चढू लागलो, डाव्या हाताने लिहायला शिकलो. त्यानंतर बरीच वर्षं गेली, बॅटरीही एकदा बदलून झाली. अण्णा याला देवाची कृपा म्हणतात, आणि मी वाद घालत नाही. बायको पुन्हा माझे शर्ट निवडते, माझ्याशी भांडते, शेजारणींशी हसते. आषाढ आला की भाजी करते, वाटीने मोजून माझ्या पानात वाढते आणि स्वतःच्याही.

मागितलं नव्हतं ते सगळं मला मिळालं. संध्याकाळी ती देवघरात जाते, काडी ओढल्याचा आवाज येतो, दिवा लागतो. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करतो आणि ऐकत बसतो. अजून काही ऐकू आलेलं नाही.